टॅबलेट घेताना आधी ऑपरेटिंग सिस्टिम ठरवा, मग यंत्र

प्रश्न थोडक्यात असा: वाचन, हाताने टिपणं काढणं, वर्ड-एक्सेलच्या फायली दुरुस्त करणं आणि व्हिडिओ पाहणं यासाठी टॅबलेट घ्यायचा आहे, घरातली मुलंही तो अधूनमधून वापरतील. आयपॅडओएस, अँड्रॉइड, विंडोज आणि क्रोमओएस (गूगलची, क्रोम ब्राउझरभोवती बांधलेली सिस्टिम) यांपैकी काय घ्यावं?

बहुतेक जण आधी स्क्रीन, प्रोसेसर आणि किंमत पाहतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम सोबत जी येईल ती स्वीकारतात. हा क्रम उलटा हवा. कव्हर, कीबोर्ड, पेन, मेमरी कार्ड हे सगळं नंतर बदलता येतं, ऑपरेटिंग सिस्टिम मात्र व्यवहारात बदलता येत नाही. आयपॅडवर दुसरं काहीच चढत नाही. अँड्रॉइड टॅबचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) बहुधा कुलूपबंद असतो, आणि उघडला तरी त्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे छोटे प्रोग्राम, कंपनीशिवाय कोणाकडे नसतात. इंटेलच्या विंडोज टॅबवर लिनक्स बसतं, पण कॅमेरा, स्क्रीन फिरवणारा सेन्सर आणि पेन यांतलं काही ना काही लंगडं राहतं. म्हणजे पुढची पाच-सात वर्षं कोणती ॲप्स चालतील, फायली कुठे राहतील आणि सुरक्षा अपडेट कधी थांबतील, हे खरेदीच्या दिवशीच ठरतं.

पहिलं काम: यादी, पण नेमकी

'ऑफिसचं काम' असं लिहून भागत नाही. कोणत्या प्रोग्राममधली कोणती सोय लागते, ते लिहा. 'एक्सेल हवं' म्हणणाऱ्याला साधी बेरीज-वजाबाकी आणि फिल्टर हवे असतील तर चारही सिस्टिमवर काम होईल. पण फाइलमध्ये मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असतील, तर आयपॅड आणि अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये ते चालत नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही. ही अडचण खरेदीनंतर कळते, म्हणून तुमच्या रोजच्या फायलींपैकी सर्वांत किचकट दोन फायली निवडा आणि त्या टॅबवर उघडून, बदलून, पुन्हा संगणकावर पाहा. वर्डमध्ये तळटीपा, अनुक्रमणिका आणि बदलांच्या खुणा असलेली फाइल घ्या. दोन परिच्छेदांच्या पत्रावरून काहीही कळत नाही.

आणखी एक बाब कमी लोकांना ठाऊक असते. मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ऑफिस ॲपमध्ये 10.1 इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर साधं संपादन फुकट करता येतं, त्याहून मोठ्या स्क्रीनवर सशुल्क सदस्यत्व लागतं. म्हणून 11 किंवा 13 इंची टॅब घेताना तो खर्च आधीच मोजा, किंवा ब्राउझरमधल्या ऑफिसवर आपलं भागतं का ते पाहून घ्या.

यादीतल्या काही गोष्टी थेट एकाच सिस्टिमकडे नेतात. डिजिटल स्वाक्षरीचं यूएसबी टोकन, हिशेबाच्या प्रोग्रामचं डोंगल (परवान्याची यूएसबी चावी), पूर्ण ऑटोकॅड, मॅक्रोवाली एक्सेल: विंडोज. चित्रकलेचं प्रोक्रिएट किंवा संगीताचं लॉजिक प्रो: आयपॅड, कारण प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर आहे आणि लॉजिकची टॅबलेट आवृत्ती फक्त आयपॅडसाठीच निघाली आहे. स्टोअरबाहेरची ॲप्स टाकायची, कार्डावर शेकडो पुस्तकं आणि व्हिडिओ ठेवायचे, सिमवर एसएमएस घ्यायचे: अँड्रॉइड. यादीत असा एखादा अडसर असेल तर तुलना तिथेच संपते, उरलेले गुणदोष वाचायची गरज नाही. अडसर नसेल तर पुढचं वाचा.

आयपॅडओएस

2010 साली आयपॅड आला तेव्हापासून त्यावर आयफोनचीच सिस्टिम होती. 2019 मध्ये आयपॅडओएस हे वेगळं नाव मिळालं, मार्च 2020 मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडचा नीट आधार आला, आणि 2025 च्या आयपॅडओएस 26 मध्ये संगणकासारख्या लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वरचा मेनू आला. त्यामुळे 'आयपॅड म्हणजे मोठा फोन' हा जुना आक्षेप आता बराचसा गळून पडला आहे.

तिची खरी ताकद ॲप्समध्ये आहे. मोठ्या स्क्रीनसाठी स्वतंत्रपणे बांधलेली ॲप्स इथे सर्वाधिक आहेत, आणि चित्रकला, संगीत, व्हिडिओ संपादन, हस्तलिखित टिपणं यांत फरक स्पष्ट दिसतो. संगीताच्या बाबतीत तर आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा विलंब आयपॅडवर वर्षानुवर्षं कमी राहिला आहे. साधा, ड्रायव्हर न लागणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं जोडायची पेटी) जोडला की तो चालू होतो.

अडतं ते पुढच्या ठिकाणी. मेमरी कार्डाची खाच नाही. बाहेरची यूएसबी ड्राइव्ह 'फाइल्स' ॲपमध्ये दिसते, पण तिच्यावर ॲप्स बसवता येत नाहीत, आणि आतलं स्टोरेज नंतर वाढत नाही. म्हणून आज 128 जीबीपेक्षा कमी घेऊ नये. ब्राउझर कोणताही टाका, जवळजवळ सगळीकडे आतलं इंजिन सफारीचंच असतं. एखादं संकेतस्थळ सफारीत नीट चालत नसेल तर क्रोम टाकूनही तेच दिसतं. ॲप पडद्यामागे गेलं की सिस्टिम त्याला लवकर थांबवते. मोठा व्हिडिओ तयार होत असताना मेल बघायला गेलात की काम अर्धवट राहतं, हे त्यामुळेच. आयपॅडओएस 26 पासून अशी लांब कामं मागे चालू ठेवायची सोय आहे, पण ती ॲप बनवणाऱ्याने वापरलेली असावी लागते.

सिमवाल्या आयपॅडवरून साधा फोन लावता येत नाही आणि सिमवर येणारे नेहमीचे एसएमएस वाचता येत नाहीत. ओटीपी टॅबवरच यावा अशी अपेक्षा असेल तर ती इथे पुरी होत नाही. तसंच, फक्त वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. नकाशा जवळच्या वायफायवरून अंदाज बांधतो आणि मोकळ्या रस्त्यावर चुकतो. रस्ता दाखवण्यासाठी आयपॅड वापरायचा असेल तर सिमचं मॉडेल घ्या, मग त्यात सिम घाला वा न घाला.

यूएसबी-सीच्या खाचेचा आकार पाहून फसू नका. साध्या आयपॅडवरची खाच यूएसबी 2 च्या वेगाची आहे, म्हणजे सेकंदाला 480 मेगाबिट. 50 जीबीचे व्हिडिओ त्यावरून हलवायचे तर आदर्श वेगानेही पाव तास जातो, प्रत्यक्षात जास्तच. आयपॅड प्रोची थंडरबोल्ट खाच याच्या कित्येक पट वेगवान आहे.

अँड्रॉइड

इथे 'अँड्रॉइड टॅब कसा असतो' या प्रश्नाला एक उत्तर नाही. एकाच नावाखाली उत्तम यंत्रंही आहेत आणि घेऊच नयेत अशीही.

सिस्टिमच्या बाजूने प्रगती झाली आहे. 2011 ची 3.0 आवृत्ती खास टॅबलेटसाठी होती, मग पुढची बरीच वर्षं गूगलने टॅबकडे दुर्लक्ष केलं आणि ॲप बनवणाऱ्यांनीही केलं. 2022 मध्ये 12एल ही मोठ्या स्क्रीनची आवृत्ती आली, तेव्हापासून खालची ॲपपट्टी आणि दोन ॲप्स शेजारी हे नीट चालू लागलं. अनेक ॲप्स तरीही फक्त उभ्या स्क्रीनसाठी बनवलेली राहिली: टॅब आडवा धरला की मध्ये फोनएवढं ॲप आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. अँड्रॉइड 16 पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲप्सचा 'मी उभाच राहणार' हा हट्ट मोठ्या स्क्रीनवर मानला जात नाही. खेळ मात्र याला अपवाद आहेत. जुनी ॲप्स अजूनही तशीच राहतील. म्हणून रोज लागणारी ॲप्स प्ले स्टोअरमध्ये टॅबवरूनच पाहा. तिथे टॅब वापरणाऱ्यांचे गुण वेगळे दिसतात आणि टॅबवरचे स्क्रीनशॉट नसतील तर ॲप बहुधा ताणलेलं फोन ॲपच आहे.

अँड्रॉइडचं बळ मोकळेपणात आहे. फायली थेट हाताळता येतात, अनेक टॅबमध्ये कार्ड घालता येतं, फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी) चालतात, टर्मक्ससारखं ॲप टाकून कमांड लाइनवर काम करता येतं. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या टॅबवर डेक्स चालू केलं की खिडक्यांचं डेस्कटॉप मिळतं. कार्डाबद्दल एवढं लक्षात ठेवा: फोटो, व्हिडिओ, पुस्तकं कार्डावर जातात, ॲप्स बहुतेक टॅबवर जात नाहीत. 256 जीबीचं कार्ड घातलं तरी 32 जीबीचा टॅब वर्षभरात भरतो तो ॲप्समुळे.

स्वस्त टॅब घेताना पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा. यातली प्रत्येक गोष्ट जाहिरातीत झाकता येते.

रॅम. '12 जीबी' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात '4+8'. त्यातले 8 हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमच्या तुलनेत फारच संथ असतात. खरे 4 जीबी हे वाचन आणि व्हिडिओसाठी किमान, 6 बरे, 8 असतील तर दोन-तीन ॲप्स शेजारी ठेवून निवांत काम होतं.

स्टोरेजचा प्रकार. ईएमएमसी 5.1 ची कमाल मर्यादा सेकंदाला 400 एमबी आहे आणि ते एका वेळी एकतर वाचतं किंवा लिहितं. यूएफएस 2 या दुसऱ्या प्रकारात ही मर्यादा सुमारे 1200 एमबी आहे आणि वाचणं-लिहिणं एकदम चालतं. ॲप्स मागे अपडेट होत असताना टॅब गोठल्यासारखा होतो, बोट लावल्यावर दोन सेकंदांनी हलतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. प्रोसेसरला उगाच दोष दिला जातो.

वाइडवाइन. व्हिडिओ सेवा आपले चित्रपट कूटबद्ध करून पाठवतात, आणि ते उलगडणारी गूगलची व्यवस्था म्हणजे वाइडवाइन. टॅबला एल1 दर्जा असेल तर एचडी मिळतं, एल3 असेल तर अनेक सेवा साधारण 480पी वर अडवतात, मग स्क्रीन कितीही चांगली असो. 'डीआरएम इन्फो' प्रकारचं छोटं ॲप टाकून सिक्युरिटी लेव्हल बघता येते.

प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलची सुरक्षा तपासणी. प्ले स्टोअर उघडून वरचं प्रोफाइल चित्र दाबा, सेटिंग्जमध्ये जा, अबाउटमध्ये 'डिव्हाइस सर्टिफाइड आहे' असं दिसायला हवं. न दिसल्यास टॅब परत करा. नाव नसलेल्या अँड्रॉइड यंत्रांमध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घालून पाठवल्याची प्रकरणं झाली आहेत. 2023 मध्ये उघडकीला आलेलं बॅडबॉक्स त्यातलंच. ते सिस्टिमच्या भागात बसलेलं असल्याने फॅक्टरी रिसेट करूनही जात नाही. अशा टॅबवर बँकेचं ॲप उघडणं धोक्याचं आहे, मुलांच्या हाती देणंही.

सूचना उशिरा येणं ही नेहमीची तक्रार. बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्या मागची ॲप्स फार आक्रमकपणे मारतात. ज्या ॲपच्या सूचना हव्यात त्याच्या ॲप माहितीत जाऊन बॅटरी या भागात 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. सगळ्या ॲप्सना ही मोकळीक देऊ नका, नाहीतर टॅब नुसता पडून राहूनही रात्रीत बरीच बॅटरी उतरेल.

ॲमेझॉनचे फायर टॅब अँड्रॉइडवरच उभे आहेत, पण त्यांत प्ले स्टोअर नसतं. पुस्तकं आणि ॲमेझॉनचे व्हिडिओ एवढंच हवं असेल तर चालतील. हुआवेच्या टॅबवर 2019 नंतर गूगलच्या सेवा अधिकृतपणे मिळत नाहीत. रोजची ॲप्स गूगलच्या सेवांवर टेकलेली असतील तर यंत्र कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवा.

विंडोज

विंडोज टॅब म्हणजे कीबोर्ड काढता येणारा संगणक. पूर्ण प्रोग्राम, पूर्ण ब्राउझर, बहुतेक प्रिंटर, प्रत्येकाचं वेगळं खातं. बोटाने वापरताना मात्र अजूनही अवघडल्यासारखं होतं. विंडोज 10 मधला स्वतंत्र टॅबलेट मोड विंडोज 11 मध्ये काढला गेला, बटणांमधलं अंतर कीबोर्ड काढल्यावर आपोआप थोडं वाढतं, पण जुन्या प्रोग्रामचे मेनू बारीकच राहतात. विंडोज 11 वर अँड्रॉइड ॲप्स चालवायची सोय होती, तीही 5 मार्च 2025 पासून बंद झाली. सोफ्यावर पडून वाचण्यासाठी विंडोज टॅब घेणाऱ्याची निराशा होते. कीबोर्ड लावून काम आणि पेनाने पीडीएफवर खुणा, हे दोन्ही एकाच यंत्रावर हवं असेल तर त्याला तोड नाही.

प्रोसेसर दोन जातींचे आहेत, आणि ही निवड ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याइतकीच मोठी आहे. इंटेल किंवा एएमडीच्या टॅबवर जुनं सगळं चालतं. स्नॅपड्रॅगनच्या, म्हणजे आर्म जातीच्या टॅबवर बॅटरी जास्त टिकते आणि यंत्र थंड राहतं. जुने प्रोग्राम तिथे अनुवादाच्या थराखाली चालतात. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रिझम नावाचा हा थर बराच सुधारला आहे. पण ड्रायव्हरचा अनुवाद होत नाही. त्यामुळे जुना प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, काही व्हीपीएन आणि काही ऑनलाइन खेळ इथे अडतात. उपकरणाच्या कंपनीकडे आर्म64 चा ड्रायव्हर आहे का, हे खरेदीआधी पाहा. हाताशी यंत्र असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'सिस्टिम टाइप' या ओळीत जात लिहिलेली असते.

विंडोज 11 ची कागदावरची गरज 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज एवढीच आहे. त्या मापाचा टॅब घेऊ नका. सिस्टिम, तिची जुनी प्रत आणि अपडेटच्या फायली मिळून 64 जीबी इतके भरतात की वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती जागेअभावी बसत नाही, आणि मग सुरक्षा अपडेटही एक दिवस थांबतात. 8 जीबी आणि 256 जीबी एसएसडी ही कामाची खालची पातळी, 16 जीबी असेल तर उत्तम. 'एस मोड' लिहिलेलं असेल तर त्यावर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्राम बसतात. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही.

बॅगेत ठेवलेला टॅब गरम आणि बॅटरी रिकामी, ही तक्रार विंडोजवर वारंवार येते. स्लीपमध्येही यंत्र फोनसारखं अर्धवट जागं राहून नेटवर्क आणि अपडेट पाहत असतं, हे त्याचं कारण. उपाय असा: सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात पॉवर अँड बॅटरी उघडा, पॉवर बटण दाबल्यावर आणि कव्हर मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. तिथे पर्याय दिसत नसेल तर जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समधून तो चालू करता येतो. उघडायला काही सेकंद जास्त लागतील, बॅटरी मात्र टिकेल.

क्रोमओएस

दिवसाचं सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर हा पर्याय विनाकारण दुर्लक्षिला जातो. क्रोम पूर्ण, एक्स्टेन्शनसह. अँड्रॉइड ॲप्स बहुतेक चालतात. लिनक्सचा वेगळा कप्पा उघडता येतो. आणि पाहुण्याला गेस्ट मोड देता येतो, ज्यात त्याने केलेलं काही मागे राहत नाही. उणीव अशी की सुटे टॅब फार थोडे निघतात आणि पेनाच्या ॲप्समध्ये ते आयपॅडच्या जवळपासही जात नाहीत. 2025 मध्ये गूगलने क्रोमओएस आणि अँड्रॉइड एका पायावर आणण्याचं जाहीर केलं आहे. त्याच्या आशेवर किंवा भीतीने काही ठरवू नका. यंत्राची अपडेटची तारीख पाहा, ती पुरेशी लांब असेल तर घ्या.

अपडेटची तारीख: किमतीइतकाच महत्त्वाचा आकडा

नवी आवृत्ती मिळणं आणि सुरक्षा अपडेट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगलच्या 2023 च्या पिक्सेल टॅबलेटला नव्या आवृत्त्यांचं वचन 3 वर्षांचं आणि सुरक्षेचं 5 वर्षांचं होतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस9 ला 4 आवृत्त्या आणि 5 वर्षं सुरक्षा. पुढच्याच एस10 मालिकेला 7 आवृत्त्या आणि 7 वर्षं. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन पिढ्यांत एवढा फरक असतो, म्हणून 'अमुक कंपनी अपडेट देते' हे ऐकून पुरत नाही, त्या मॉडेलचं वचन वाचावं लागतं. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दोन वर्षांपूर्वीचा टॅब सवलतीत घेतलात तर दोन वर्षं आधीच संपलेली असतात.

ॲपल आधीपासून तारीख सांगत नाही, पण चाल ठरलेली आहे. 2019 चा सातव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस 13 घेऊन आला आणि 18 पर्यंत गेला. 26 त्याला मिळालं नाही. 2017 चा पाचव्या पिढीचा 16 वर थांबला. म्हणजे नवीन घेतलेल्या साध्या आयपॅडला साधारण सहा वर्षं धरून चाला. क्रोमओएसमध्ये 2021 पासून आलेल्या यंत्रांना 10 वर्षं अपडेट आहेत आणि नेमकी तारीख सेटिंग्जमधल्या 'अबाउट क्रोमओएस'मध्ये अधिक तपशील उघडल्यावर दिसते. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो, ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि पुढे. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो 6 टॅब त्यात बसतो, त्याआधीचा 2017 चा सरफेस प्रो बसत नाही, दिसायला दोन्ही सारखेच असले तरी.

हिशेब साधा ठेवा: किंमत भागिले सुरक्षा अपडेटची उरलेली वर्षं. दोन वर्षं आधार असलेला अर्ध्या किमतीचा टॅब सहा वर्षं आधार असलेल्या पूर्ण किमतीच्या टॅबपेक्षा दर वर्षाला महाग पडतो.

पेन, फायली, मुलं

पेन कोणतंही कोणत्याही टॅबला चालत नाही. ॲपलची चार पेनं आहेत आणि जुळणी आयपॅडच्या मॉडेलनुसार बदलते. ए16 चिपच्या साध्या आयपॅडला पहिल्या पिढीचं किंवा यूएसबी-सी पेन चालतं. एम2 आणि एम3 चे एअर आणि एम4 चे प्रो यांना पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सी, दुसऱ्या पिढीचं नाही. यूएसबी-सी पेन दाब ओळखत नाही: टिपणांना ठीक, चित्रांना नाही. सॅमसंगचं एस पेन दाब ओळखतं आणि लिहिण्यासाठी त्याला चार्ज करावं लागत नाही, शिवाय बऱ्याच मॉडेलसोबत ते डब्यातच येतं. केवळ हाताने टिपणं हाच मुख्य उपयोग असेल तर माझ्या मते हा मोठा मुद्दा आहे.

टिपणांचं ॲप निवडताना निर्यात तपासा. पीडीएफ सगळी देतात, पण पीडीएफ झाल्यावर अक्षरं नंतर हलवता-खोडता येत नाहीत. तीन वर्षांची टिपणं एका ॲपच्या खासगी स्वरूपात अडकली की सिस्टिम बदलणं अशक्यच होतं. मायक्रोसॉफ्टचं वननोट चारही सिस्टिमवर या ना त्या रूपात चालतं, एवढ्या एका कारणासाठी पुढे सिस्टिम बदलण्याची शक्यता असणाऱ्याने त्याचा विचार करावा.

पेनड्राइव्ह आणि बाहेरची ड्राइव्ह एक्सफॅट स्वरूपात ठेवा. ते आयपॅड, विंडोज, क्रोमओएस आणि बहुतेक नव्या अँड्रॉइड टॅबवर चालतं. फॅट32 वर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि कॉपी अर्ध्यावर थांबल्यावर दोष टॅबवर येतो. बॅकअपमध्येही फरक आहे. आयपॅडचा बॅकअप नव्या आयपॅडवर जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. आयक्लाउडचे फुकटचे 5 जीबी पुरत नाहीत, तेव्हा संगणकावर कूटबद्ध बॅकअप घ्या, म्हणजे पासवर्डही येतात. अँड्रॉइडच्या आपोआप बॅकअपमध्ये प्रत्येक ॲपला 25 एमबीचीच जागा आहे, आणि ती वापरायची की नाही हे ॲप बनवणारा ठरवतो. म्हणून टिपणं, चित्रं, रेकॉर्डिंग यांची निर्यात तुम्हीच महिन्यातून एकदा करा.

एक टॅब अनेकांत वापरायचा असेल तर आयपॅड मागे पडतो. एकापेक्षा जास्त खाती ठेवायची सोय त्यात फक्त संस्थांनी व्यवस्थापित केलेल्या यंत्रांवर आहे. घरच्या आयपॅडवर मुलाच्या हाती तुमचा मेल आणि फोटोही जातात. स्क्रीन टाइमची बंधनं घालता येतात, 'गाइडेड ॲक्सेस'ने एकाच ॲपमध्ये कोंडता येतं, पण दुसरं खातं नाही. अनेक अँड्रॉइड टॅबवर वेगळे युजर करता येतात आणि गूगलच्या फॅमिली लिंकने मुलाच्या खात्याला वेळ, ॲप्स आणि खरेदी यांची मर्यादा लागते. प्रत्येक युजरची माहिती वेगळी जागा खाते, तेव्हा दोघांसाठी 128 जीबी धरा. काही कंपन्या ही सोय काढून टाकतात, म्हणून घेण्याआधी सेटिंग्जमध्ये 'युजर्स' शोधून पाहा.

देवनागरी टायपिंग स्क्रीनवरच्या कीबोर्डने सगळीकडे होतं. बाहेरचा कीबोर्ड जोडून भरपूर मराठी लिहायचं असेल तर विंडोज सर्वांत निर्धास्त: इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) आहेच, 2019 पासून मराठी फोनेटिकही (रोमन अक्षरांत उच्चारानुसार टायपिंग) त्यातच येतं. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायली आणि त्यांचे टायपिंग प्रोग्राम तर विंडोजखेरीज कुठे धरूच नका.

तुमच्यासाठी

एक्सेलच्या फायलींत मॅक्रो नसतील, तर निवड आयपॅड आणि अँड्रॉइड यांच्यात आहे. टॅब मुख्यतः तुम्हीच वापरणार असाल तर 128 जीबीचा साधा आयपॅड आणि यूएसबी-सी पेन घ्या. प्रो मॉडेलची ताकद या कामांत वायाच जाईल. ए16 च्या या आयपॅडवर ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सोयी) चालत नाही, ते हवंच असेल तर एअर. मुलं दर दिवशी वापरणार असतील तर वेगळ्या युजरची सोय, 8 जीबी रॅम, यूएफएस स्टोरेज, वाइडवाइन एल1 आणि निदान 5 वर्षं उरलेली सुरक्षा अपडेट असलेला अँड्रॉइड टॅब घ्या. मॅक्रो असतील तर विंडोज टॅबपेक्षा हलका लॅपटॉप आणि वाचनासाठी मध्यम टॅब अशी जोडी बरेचदा अधिक उपयोगी पडते, कारण चांगला विंडोज टॅब, कीबोर्ड आणि पेन मिळून खर्च तेवढाच येतो.

जुना टॅब घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच तो पूर्ण पुसून नव्याने सुरू करून पाहा. आयपॅडने आधीच्या मालकाचा ॲपल अकाउंट मागितला किंवा अँड्रॉइडने आधीचं गूगल खातं मागितलं, तर कुलूप मालकालाच काढता येतं. आयपॅडवर त्याने 'फाइंड माय' बंद करायला हवं, अँड्रॉइडवर रिसेटआधी सेटिंग्जमधून खातं काढायला हवं. सुरू करताना यंत्र एखाद्या शाळेच्या किंवा कंपनीच्या व्यवस्थापनाखाली असल्याचा मजकूर दिसला, तर ते रिसेटने जात नाही, क्रोमओएस आणि विंडोजवरही नाही. त्या संस्थेने आपल्या नोंदीतून यंत्र काढल्याशिवाय पैसे देऊ नका.